अमेरिकेतल्या रेस्टॉरंटमध्ये कागदपत्रांविना काम: पगार, टिप, धमक्या आणि तक्रारीबद्दल नेहमी येणारे प्रश्न

हे प्रश्न दोन बाजूंनी येतात. एक म्हणजे न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, टेक्सास इथल्या किचनमधून: व्हिसा संपलेले आचारी, सीमा ओलांडून आलेली मुलं, रोखीवर काम करणारे विद्यार्थी. दुसरी बाजू इकडची, म्हणजे मुलगा तिकडे अडकलाय असं कळलेले आईवडील. उत्तरात राज्याचं नाव नसेल तर तो फेडरल, म्हणजे सगळ्या देशाला लागू असलेला कायदा समजावा. आकडे २०२६ च्या सुरुवातीचे आहेत.

१. माझ्याकडे कामाचा परवाना नाही. मग मला पगार मागायचा हक्क तरी आहे का?

आहे. १९३८ चा फेअर लेबर स्टँडर्ड्स अॅक्ट किमान वेतन आणि ओव्हरटाइम ठरवतो. केलेल्या कामाचे पैसे देताना तो कामगाराचे कागद पाहत नाही. अलाबामातल्या एका हॉटेलात साफसफाई आणि देखभालीचं काम करणाऱ्या, व्हिसा संपलेल्या भारतीय माणसाच्या खटल्यात फेडरल अपील कोर्टाने १९८८ मध्ये हे स्पष्ट सांगितलं. कोर्टाचं म्हणणं साधं होतं: अशा कामगारांना संरक्षण नाकारलं तर मालक मुद्दाम त्यांनाच कामावर ठेवतील. कोणी २००२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवून ‘तुला काही मिळत नाही’ म्हणत असेल, तर तो निकाल वेगळ्या गोष्टीचा आहे. प्रश्न १२ पाहा.

२. तासाला कमीत कमी किती मिळायला हवं?

फेडरल किमान वेतन ७.२५ डॉलर. जुलै २००९ पासून ते हललेलं नाही. राज्याचा दर जास्त असेल तर राज्याचा लागू होतो. न्यूयॉर्क शहरात १७ डॉलर, कॅलिफोर्नियात १६.९० डॉलर, टेक्सासमध्ये फेडरल तेवढाच. आठवड्यात ४० तासांच्या वर गेलेल्या प्रत्येक तासाला दीडपट. ‘ट्रायल’ म्हणून फुकट करून घेतलेले दिवससुद्धा कामाचेच दिवस आहेत. टिप मिळणाऱ्यांचा हिशेब प्रश्न ५ मध्ये.

३. मालक आठवड्याला ठरलेले ७०० डॉलर रोख देतो. तास मोजत नाही. यात चूक काय?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त पैसे बुडतात तेही इथेच. ‘सॅलरी’ म्हटलं की ओव्हरटाइम लागत नाही, असा समज मालकही पसरवतात आणि कामगारही धरून बसतात. तंदूरवरचा आचारी, प्रेपवाला (चिराचिरी, तयारी करणारा), डिशवॉशर यांना पगार कसाही दिला तरी ओव्हरटाइम द्यावाच लागतो. ‘मॅनेजर’ अशी नुसती पदवी देऊनही सुटका होत नाही; माणसं हाताखाली असणं, त्यांच्या नेमणुकीत त्याचा शब्द चालणं अशी कामं खरोखर असावी लागतात.

न्यूयॉर्क शहरातला हिशेब करून पाहू. सहा दिवस, सकाळी ११ ते रात्री ११, म्हणजे ७२ तास. तिथल्या नियमाप्रमाणे तासाचा दर ठरवला नसेल तर आठवड्याच्या रकमेला ४० ने भागतात: ७०० भागिले ४० म्हणजे १७.५० डॉलर. दीडपट झाली २६.२५. वरचे ३२ तास गुणिले २६.२५ म्हणजे ८४० डॉलर. शिवाय कामाचा दिवस सुरुवातीपासून शेवटापर्यंत १० तासांहून लांबला, तर त्या दिवसाचा एक तास किमान दराने जास्तीचा द्यावा लागतो. सहा दिवसांचे १०२ डॉलर. एकूण ९४२ डॉलर बुडाले, एका आठवड्यात. हातात आले त्याहून जास्त.

हाच माणूस टेक्सासमध्ये असेल तर आकडा बदलतो. ठरलेले ७०० डॉलर सगळ्या ७२ तासांसाठी होते असं कोर्टाने मानलं, तर दर ९.७२ डॉलर होतो आणि बाकी राहतो तो फक्त वरच्या तासांचा अर्धा दर, आठवड्याला साधारण १५५ डॉलर. म्हणून कामावर ठेवताना नेमकं काय बोलणं झालं, किती तास म्हणाले होते, हे आठवून लिहून ठेवा. त्या एका वाक्यावर शेकडो डॉलर अवलंबून असतात.

४. सगळा व्यवहार रोखीचा. पे-स्टब (पगाराची पावती) नाही, पंचकार्ड (येण्या-जाण्याच्या वेळेची नोंद) नाही. सिद्ध कसं करणार?

नोंद ठेवणं हे मालकाचं काम आहे. त्याने ती ठेवली नाही, तर कामगाराने दिलेला वाजवी अंदाज कोर्ट धरतं आणि तो खोटा ठरवण्याची जबाबदारी मालकावर जाते. सुप्रीम कोर्टाचा हा नियम १९४६ पासून आहे.

तरी अंदाजाला टेकू हवा. आजपासून वहीत रोज चार गोष्टी लिहा: आत आलो ती वेळ, बाहेर पडलो ती वेळ, जेवायला मिळालेली मिनिटं, हातात आलेले पैसे. भिंतीवरच्या शिफ्टच्या कागदाचा फोटो घ्या. मालकाचे ‘उद्या दहाला ये’ असे व्हॉट्सअॅप मेसेज पुसू नका आणि त्यांची प्रत दुसऱ्या कोणाकडे पाठवून ठेवा, कारण फोन हरवतो किंवा हिसकावला जातो. गूगल मॅप्सची टाइमलाइन चालू असेल तर ती उत्तम साक्षीदार. तास फुगवून मात्र लिहू नका. ज्या दिवशी तुम्ही गावात नव्हता असा एक दिवस वहीत सापडला की बाकीची पानंही संशयित होतात.

बोलणं रेकॉर्ड करताना राज्य बघा. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत संभाषणातल्या एकाची, म्हणजे तुमची, संमती पुरते. कॅलिफोर्नियात सगळ्यांची लागते आणि चोरून केलेलं रेकॉर्डिंग हा तुमचाच गुन्हा ठरतो.

५. टिप मालक ठेवून घेतो, किंवा मॅनेजर वाटा घेतो. चालतं का?

नाही. २०१८ च्या दुरुस्तीपासून मालक, मॅनेजर, सुपरवायझर यांना कामगारांच्या टिपमधला वाटा घेता येत नाही. मालक स्वतः गल्ल्यावर बसत असला तरी नाही.

टिप मिळणाऱ्या वेटरला फेडरल कायद्याने रोख पगार २.१३ डॉलरपर्यंत खाली देता येतो, पण टिप धरून ७.२५ भरले पाहिजेत, कमी पडले तर फरक मालकाने भरायचा आणि ही पद्धत वेटरला आधी सांगितलेली असली पाहिजे. सांगितली नसेल तर सवलत गेली. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ऑरेगॉन, नेवाडा, मिनेसोटा, मोंटाना आणि अलास्कात ही सवलतच नाही. पूर्ण पगार वेगळा, टिप वेगळी. ‘पगार नाही, टिपवरच भागव’ हे कुठेही कायदेशीर नाही.

६. राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण ‘फ्री’ म्हणून पगार कमी देतात. हे बरोबर आहे का?

खोली आणि जेवणाचा खरा खर्च काही अटींवर पगारात धरता येतो, त्यावर नफा नाही. तळघरात सहा जणांच्या गाद्या टाकून प्रत्येकाचे महिन्याला ५०० डॉलर कापणं यात बसत नाही. एप्रन आणि युनिफॉर्म, फुटलेल्या प्लेटा, गल्ल्यातली तूट, बिल न देता पळालेलं गिऱ्हाईक: या कापण्यामुळे पगार किमान दराखाली जात असेल तर ते बेकायदा, आणि बऱ्याच राज्यांत ही कापणी मुळातच बंद आहे.

जागा मालकाची असेल तर तक्रारीआधी झोपण्याची दुसरी सोय करा. पगाराचं भांडण झालं की पहिल्यांदा सामान फुटपाथवर येतं.

७. मी एफ-१ (विद्यार्थी व्हिसावरचा) विद्यार्थी आहे. शनिवार-रविवार देसी रेस्टॉरंटमध्ये रोखीवर काम केलं, पैसे बुडाले. तक्रार केली तर व्हिसा जाईल का?

पैशांवरचा हक्क प्रश्न १ सारखाच. धोका वेगळा आहे. कॅम्पसबाहेर परवानगीविना काम हा स्टेटसचा, म्हणजे अमेरिकेत राहण्याच्या कायदेशीर स्थितीचा, भंग आहे आणि तो काम केल्याच्या दिवशीच झालेला आहे, तक्रारीने नव्याने होत नाही. मात्र तक्रारीतून त्याची लेखी नोंद तयार होऊ शकते. म्हणून विद्यार्थ्याने आधी इमिग्रेशन वकिलाशी बोलावं, मग पगाराच्या वकिलाशी. विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसमध्ये जाऊन मन मोकळं करू नका. स्टेटसमधले बदल सरकारी सिस्टिममध्ये नोंदवणं त्यांचं काम असतं.

८. पैसे मागितले तर ‘इमिग्रेशनला फोन करतो’ म्हणतात. काय करायचं?

तक्रार केली म्हणून बदला घेणं फेडरल कायद्यात मना आहे. न्यूयॉर्कच्या कामगार कायद्यात इमिग्रेशनला कळवण्याची धमकी हाच बदला धरला जातो. कॅलिफोर्नियात अशी धमकी देऊन काही उकळणं खंडणीच्या गुन्ह्यात मोडतं. न्यू जर्सीत २०२४ मध्ये झालेल्या कायद्याने पगाराचं उल्लंघन लपवण्यासाठी अशी धमकी देणाऱ्या मालकाला दंड आहे: पहिल्या वेळी १,००० डॉलरपर्यंत, दुसऱ्या वेळी ५,००० आणि त्यापुढे १०,०००.

आता उघड बोलायचं तर कायदा फोन करणाऱ्याचा हात धरत नाही. फोन कोणीही करू शकतो. मालकाचा हात आखडतो तो दुसऱ्या कारणाने: १९८६ च्या कायद्यापासून कागद नसलेल्याला माहीत असून कामावर ठेवणं हा त्याचाच अपराध आहे. धमकी मेसेजवर आली तर उत्तर देऊ नका, स्क्रीनशॉट घ्या. तोंडी आली तर तारीख, वेळ, शब्द आणि तेव्हा किचनमध्ये कोण होतं ते लिहा.

९. मग खरा धोका कशात आहे?

लोक पगार मागायला घाबरतात आणि आय-९ फॉर्म न वाचता सही करतात. खरं तर उलट व्हायला हवं. कामावर घेताना भरायच्या या फॉर्ममध्ये ‘मी अमेरिकन नागरिक आहे’ असा चौकोन असतो. नागरिक नसताना तिथे खूण केली, तर पुढे लग्नाने, मुलामुळे, कशानेही ग्रीन कार्डचा रस्ता उघडला तरी हा खोटा दावा आडवा येतो आणि त्यावर माफी जवळजवळ नाहीच. मालक ‘मी भरतो, तू खाली सही कर’ म्हणाला तरी सही तुमची आहे. विकत घेतलेला सोशल सिक्युरिटी नंबर किंवा खोटं कार्ड हा वेगळा फेडरल गुन्हा. रोखीच्या नोकरीत हे कागद बहुधा भरलेच जात नाहीत. ती चूक मालकाच्या खात्यात जमा होते.

१०. पासपोर्ट मालकाने ‘सेफ’मध्ये ठेवलाय. कर्ज फिटेपर्यंत देणार नाही म्हणतो.

हे प्रकरण पगारापुरतं राहिलेलं नाही. काम सोडू नये म्हणून कागद दाबून ठेवणं, कर्जाच्या किंवा कायद्याच्या धाकाने राबवणं हे अमेरिकेत सक्तीची मजुरी आणि मानवी तस्करीच्या कलमांत येतं. कुलूप किंवा मारहाण असावीच लागते असं नाही. पासपोर्ट तर भारत सरकारच्या मालकीचा असतो, मालकाच्या नव्हे. नवा काढायला कॉन्सुलेट मदत करतं.

राष्ट्रीय तस्करीविरोधी हेल्पलाइन १-८८८-३७३-७८८८ चोवीस तास चालते, दुभाषा मिळतो. अशा पीडितांसाठी टी व्हिसा आहे, वर्षाला ५,००० ची मर्यादा. काही गंभीर गुन्ह्यांच्या पीडितांसाठी यू व्हिसा आहे, वर्षाला १०,०००. त्याला तपास यंत्रणेचं प्रमाणपत्र लागतं आणि रांग अनेक वर्षांची आहे. नुसता पगार बुडाला म्हणून यातला कोणताही व्हिसा मिळत नाही. मिळतो म्हणून पैसे घेणाऱ्यापासून दूर राहा.

११. तक्रार कुठे करायची? तिथे स्टेटस विचारतात का?

तीन रस्ते आहेत. फेडरल कामगार खात्याचं वेज अँड अवर डिव्हिजन, फोन १-८६६-४८७-९२४३. राज्याचं कामगार खातं. किंवा थेट वकील आणि कोर्ट. वेज अँड अवरची पद्धत स्टेटस न विचारण्याची आहे आणि तक्रारदाराचं नाव ते मालकाला सांगत नाहीत. पण तीनच माणसांच्या किचनमध्ये नाव न सांगूनही कळतं, हे धरून चाला. विचारलं नसताना स्टेटस आपणहून सांगू नका. फोन करताना रेस्टॉरंटचं नाव-पत्ता, मालकाचं नाव, तुमचं काम, तास आणि पगार द्यायची पद्धत हाताशी ठेवा. दुभाषा हवा असेल तर इंग्रजीत ‘मराठी’ एवढं सांगा.

न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियात बहुधा राज्याचा कायदा जास्त देतो, म्हणून आधी तिकडे बघा. खटला जिंकला तर वकिलाची वाजवी फी मालकावर पडते, त्यामुळे अनेक वकील आधी पैसे मागत नाहीत. पगाराच्या खटल्यात मालकाच्या वकिलाला स्टेटसचे प्रश्न विचारायला कोर्ट सहसा बंदी घालतं, पण ती मागावी लागते. क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सला ‘ड्रम’ ही दक्षिण आशियाई कामगारांची संघटना आहे. एकट्याने ऑफिसात जाण्यापेक्षा तिथून सुरुवात केलेली बरी. दुकानात बोर्ड लावून बसलेला ‘इमिग्रेशन कन्सल्टंट’ वकील नसतो.

१२. तक्रार केली म्हणून काढून टाकलं. नोकरी परत मिळेल का?

इथे स्टेटस आडवं येतं. २००२ च्या हॉफमन प्लास्टिक निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं, की युनियन बांधायला मदत केली म्हणून बेकायदा काढलेल्या पण परवाना नसलेल्या कामगाराला न केलेल्या कामाचा पगार मिळणार नाही. नोकरी परत देण्याचा आदेशही परवाना असेल तरच. केलेल्या कामाच्या बाकीला मात्र या निकालाने हात लागलेला नाही.

१३. किती जुने पैसे मागता येतात?

फेडरल कायद्याने दोन वर्षांचे. मालकाने जाणूनबुजून बुडवले असतील तर तीन. न्यूयॉर्कमध्ये सहा वर्षं, न्यू जर्सीत २०१९ पासून सहा, कॅलिफोर्नियात तीन आणि एका वेगळ्या कलमाने चार.

खाचखळगा असा की वेज अँड अवरकडे तक्रार केल्याने फेडरल मुदत थांबत नाही. ती कोर्टात दावा दाखल झाल्यावरच थांबते. सहकाऱ्यांनी सामूहिक दावा केला असेल, तर तुमची स्वतःची लेखी संमती दाखल होईपर्यंत तुमचं घड्याळ चालूच. ‘सगळ्यांचं चाललंय, माझंही त्यात आहे’ म्हणून बसलेल्यांचे महिनेच्या महिने असे गळून जातात. बुडालेल्या रकमेइतकीच आणखी रक्कम भरपाई म्हणून मिळू शकते. न्यू जर्सीत दुपटीपर्यंत.

१४. निकाल लागला, पण मालकाने रेस्टॉरंट बंद करून मेहुण्याच्या नावाने उघडलं.

हे सर्रास चालतं. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या सायगॉन ग्रिलच्या ३६ डिलिव्हरी कामगारांना कोर्टाने ४६ लाख डॉलर मंजूर केले. अशा निकालानंतर वसुली ही दुसरी लढाई असते. म्हणून तयारी कामावर असतानाच करायची. दारावरचं नाव बहुधा कंपनीचं नाव नसतं. खरं नाव दारूच्या परवान्यावर, सेल्स टॅक्सच्या प्रमाणपत्रावर, क्रेडिट कार्डच्या पावतीवर असतं. हे कागद भिंतीवर लावलेले असतात. फोटो काढून ठेवा. रोजचा कारभार बघणाऱ्या मालकावर व्यक्तिशः दावा करता येतो, नुसत्या कंपनीवर करून थांबू नका. नवं दुकान त्याच जागी, त्याच आचाऱ्यांनी, त्याच मेन्यूवर चालत असेल तर तेही जबाबदार धरलं जाऊ शकतं.

१५. फ्रायरच्या तेलाने हात भाजला. मालक म्हणतो, दवाखान्यात ‘घरी भाजलं’ सांग.

सांगू नका. कामावर भाजलं हेच सांगा आणि केसपेपरवर तसं लिहून घ्या. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियासह बहुतेक राज्यांत कामावरच्या इजेची विमा भरपाई स्टेटस न पाहता मिळते. न्यूयॉर्कमध्ये मालकाला ३० दिवसांत लेखी कळवायचं आणि दोन वर्षांत दावा करायचा. टेक्सासमध्ये खासगी मालकाला हा विमा सक्तीचा नाही. इमर्जन्सी रूमला पैसे किंवा कागद नाहीत म्हणून तातडीची तपासणी आणि उपचार नाकारता येत नाहीत.

१६. धाड पडली तर?

गिऱ्हाइकं बसतात तो भाग सार्वजनिक. तिथे आइसचे (फेडरल इमिग्रेशन पोलिसांचे) अधिकारी येऊ शकतात. किचन, कोठार, स्टाफरूममध्ये यायला न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट किंवा मालकाची परवानगी लागते. आइसच्याच अधिकाऱ्याच्या सहीचा कागद त्यासाठी पुरत नाही. पळू नका, खोटं कार्ड दाखवू नका, जन्म कुठे झाला याचं उत्तर देऊ नका. ‘मला वकिलाशी बोलायचंय’ एवढंच म्हणा. न समजलेल्या कागदावर सही करू नका, त्यात स्वतःहून परत जाण्याची कबुली असू शकते. इमिग्रेशन कोर्टात सरकार फुकट वकील देत नाही, म्हणून वकिलाचा नंबर पाठ असावा. फोन काढून घेतात.

१७. मालक माझा चुलतभाऊ आहे. किंवा, हॉटेल अगदी छोटं आहे. तरी कायदा लागू?

फेडरल कायद्यातून सुटतात ती फक्त मालकाचे आईवडील, नवरा-बायको, मुलं अशा जवळच्या घरच्यांवरच चालणारी दुकानं. चुलतभाऊ, गाववाले, मामेबहिणीचा दीर या यादीत नाहीत. वर्षाची उलाढाल ५ लाख डॉलरच्या खाली असेल तर फेडरल कायद्याबद्दल वाद होऊ शकतो. अशा वेळी राज्याचा कायदा धरा.

१८. ५०० डॉलर देऊन ‘आता काही बाकी नाही’ अशा कागदावर सही घेतली. संपलं का?

फेडरल किमान वेतन आणि ओव्हरटाइमचा हक्क असा खासगीत सोडून देता येत नाही. अशी तडजोड साधारणपणे कामगार खात्याच्या किंवा कोर्टाच्या देखरेखीखाली व्हावी लागते. मिळालेले ५०० बाकीतून वजा होतील, इतकंच. कागदाची प्रत मागा, दिली नाही तर फोटो घ्या.

१९. मुलाला परत पाठवलं. आता गावाहून काही करता येईल का?

येतं. देश सोडल्याने बाकी संपत नाही, मुदत मात्र तीच (प्रश्न १३). फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्करी विमानाने अमृतसरला उतरवलेल्या १०४ जणांत महाराष्ट्राचेही तिघे होते. परत आलेल्यांपैकी ज्या कोणी तिथे कामं केली, त्यांना हे लागू आहे. वकील व्हिडिओवरून साक्ष नोंदवण्याची परवानगी मागू शकतो.

शिवाय एक गोष्ट आजच बघून घ्या. वेज अँड अवरने मालकाकडून वसूल केलेली पण कामगार न सापडल्याने पडून असलेली रक्कम त्यांच्या ‘वर्कर्स ओड वेजेस’ या पानावर मालकाच्या नावाने शोधता येते. ती तीन वर्षं ठेवतात, मग सरकारी तिजोरीत जाते. नाव शोधताना दारावरचं आणि कंपनीचं, दोन्ही टाकून बघा.

२०. एजंटने ४० लाख घेतले. ते कर्ज फिटेपर्यंत त्याच रेस्टॉरंटमध्ये राबायचं, असं ठरलंय.

कर्जापायी माणूस कामाला बांधून ठेवणं अमेरिकेत गुन्हा आहे. प्रश्न १० मधली हेल्पलाइन यासाठीही आहे. भारतात परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन अॅक्टखाली नोंदणी लागते आणि त्याला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतात. नोंदणी आहे का ते ई-मायग्रेट पोर्टलवर दिसते. तक्रार मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडे (परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीचं सरकारी कार्यालय) किंवा पोलिसांकडे. रोखीने दिलेल्या पैशाची पावती नसते, तेव्हा बँकेतून काढलेली रक्कम, जमीन किंवा दागिने गहाण ठेवल्याचे कागद आणि एजंटचे व्हॉइस मेसेज घरच्यांनी एका ठिकाणी ठेवावेत. मुलगा अजून मालकाच्या ताब्यात असेल तर आधी त्याला बाहेर काढा, एजंटवर तक्रार त्यानंतर. एजंटला नोटीस गेली की तो पहिला फोन त्या मालकालाच लावतो.